ग्रंथात लिहिलंय म्हणून?

कुठल्याही धर्मावर वाद सुरू झाला की पाच मिनिटांत कोणीतरी एक ओळ काढून दाखवतंच. बघा, यांच्या ग्रंथातच असं लिहिलंय, मग ही माणसं अशीच वागणार ना. समोरचा लगेच त्याच ग्रंथातली दुसरी, जरा गोड ओळ काढतो आणि सांगतो की आमचा धर्म मुळात असा आहे. दोघंही एकमेकांना मूर्ख समजतात पण दोघांचं गृहीतक एकच असतं, आधी ग्रंथ आला, मग तो वाचून समाज घडला, त्यामुळे ग्रंथ कळला की माणसं कळली. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं, निदान अर्धवट तरी आहेच. आणि ते तपासायला सगळ्यात सोयीचा समाज म्हणजे पहिल्या तीन-चारशे वर्षांतले ख्रिस्ती लोक, कारण 'पुस्तकाचा धर्म' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतात त्यांच्याकडे सुरुवातीला आजच्यासारखं पुस्तकच नव्हतं, आणि पुढे ते कसं जमलं, कोणी वाचलं, कोणी ऐकलं, कोणी लपवलं याचे कागद बऱ्यापैकी शिल्लक आहेत.

येशूने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. आपल्या हातात असलेलं सगळ्यात जुनं ख्रिस्ती लिखाण म्हणजे येशूचा संदेश गावोगाव नेणाऱ्या पौलाची पत्रं, साधारण इ.स. ५० च्या आसपासपासूनची. आता ही पत्रं काही पवित्र ग्रंथ लिहायला बसलोय अशा थाटात लिहिलेली नाहीत. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत गट पडलेत, कोणी कोणाला कोर्टात खेचलंय, एकत्र जेवणाला काही जण आधी येऊन पोटभर खाऊन-पिऊन घेतात आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहतात, असल्या कटकटी निस्तरायला लिहिलेली पत्रं ती. म्हणजे भांडण आधी आणि पवित्र वचन नंतर! शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाच्या कथा, त्यानंतरची, बहुतेक अभ्यासक ती साधारण ७० ते १०० च्या दरम्यानची धरतात. तोवर 'शास्त्र' म्हटलं की या लोकांच्या डोळ्यासमोर ज्यूंचाच ग्रंथ (ज्याला ख्रिस्ती लोक पुढे जुना करार म्हणू लागले) यायचा, तोही बहुतेकांना ग्रीक भाषांतरात. आज नव्या करारात, म्हणजे बायबलच्या खास ख्रिस्ती भागात, जी २७ पुस्तकं आहेत, नेमकी तीच २७ सांगणारी पहिली यादी आपल्याला मिळते ती ३६७ मध्ये, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या एका पत्रात. येशूनंतर सव्वातीनशेहून जास्त वर्षं गेली होती तेव्हा.

मधल्या काळात काय चालायचं त्याचा एक मासला बघा. साधारण इ.स. २०० च्या आसपास सेरापियन नावाचा, सिरियातल्या अंत्युखियाचा बिशप ऱ्होसस नावाच्या गावी गेला, तिथले लोक 'पेत्राचं शुभवर्तमान' वाचत होते, त्यावरून कुरकुर चालली होती. याने ते नीट न वाचताच सांगून टाकलं की एवढंच भांडण असेल तर वाचा की. नंतर प्रत मिळवून वाचली तेव्हा लक्षात आलं की बरंचसं ठीक आहे पण काही भाग भलताच घुसडलाय, मग पत्र पाठवून आधीचं बोलणं फिरवलं. ग्रंथ समाजाला घडवतो म्हणतात, इथे तर समाज बसून ठरवतोय की ग्रंथ कोणता.

आता वाचणाऱ्यांचं बघू. रोमन साम्राज्यात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात दहा-पंधरा असतील असा अभ्यासकांचा अंदाज आहे, ख्रिस्ती मंडळींमध्ये चित्र फार वेगळं असायचं काही कारण नाही. हाताने नकललेली पुस्तकं महाग. म्हणजे बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी आयुष्यात एक पान वाचलेलं नाही, त्यांनी ते ऐकलंय. आपल्याकडे श्रावणात घरी पोथी लावतात, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात, मध्येच कोणीतरी अर्थ सांगतं, तसंच काहीसं.

रोममध्ये राहणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन साधारण १५५ च्या सुमारास सम्राटाला उद्देशून लिहितो की रविवारी शहरातले आणि खेड्यातले आमचे लोक एका जागी जमतात, प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या) आठवणी किंवा संदेष्ट्यांचं लिखाण वेळ असेल तेवढं वाचलं जातं, मग प्रमुख माणूस बोलतो, मग सगळे उठून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस होतो. आणि त्याला जोडूनच तो सांगतो की ज्यांची ऐपत आहे ते मनाला येईल तेवढं देतात, ते प्रमुखाकडे जमा होतं आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परगावाहून आलेले अशा सगळ्यांचं बघतो. वाचन आणि वर्गणी एकाच बैठकीत! मला वाटतं ग्रंथाचा परिणाम शोधायचाच तर तो या बैठकीत शोधावा, सुट्या ओळीत तो सापडणार नाही. २५१ मध्ये रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या मंडळीचा हिशोब देतो, त्यात ४६ वडीलजन (पुरोहित), ७ डीकन (बिशपचे मदतनीस), खास वाचनासाठी नेमलेले वाचकही आहेत, आणि १५०० हून जास्त विधवा आणि गरजू माणसं आहेत ज्यांचं पोट मंडळी सांभाळते. पुढे शंभर-एक वर्षांनी ज्युलियन सम्राट, ज्याला हा धर्म मोडीत काढायचा होता, तो आपल्या एका पुरोहिताला वैतागून लिहितो की हे नास्तिक गालीली (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःचे गरीब तर पोसतातच वर आपलेही पोसतात. विरोधकाकडून आलेलं सर्टिफिकेट आहे हे, त्यामुळे जरा जास्त भरवशाचं.

मला या सगळ्या काळातला सगळ्यात आवडता कागद मात्र एका झडतीचा पंचनामा आहे.

फेब्रुवारी ३०३ मध्ये डायोक्लेशन सम्राटाचा हुकूम निघाला, ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेच्या जागा पाडा आणि ग्रंथ जाळा. १९ मे ३०३ ला उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा शहरात (आजचं अल्जेरियातलं कॉन्स्टंटिन) म्युनेशियस फेलिक्स नावाचा अधिकारी फौजफाटा घेऊन ख्रिस्ती लोक जमायचे त्या घरावर आला. तिथल्या बिशप पॉलला म्हणाला, ग्रंथ काढा. बिशप म्हणाला, ग्रंथ वाचकांकडे असतात, पण इथे जे आहे ते देतो. मग मालाची लिस्ट सुरू झाली. २ सोन्याचे प्याले, ६ चांदीचे प्याले, दिवे, समया, आणि मग ८२ बायकांचे अंगरखे, ३८ ओढण्या, १६ पुरुषांचे अंगरखे, १३ जोड पुरुषांची पायताणं, ४७ जोड बायकांची. पुस्तकांची कपाटं उघडली तर रिकामी. शेवटी दोन उपडीकनांनी एक मोठा थोरला ग्रंथ आणून दिला. एकच का म्हणून विचारलं तर म्हणाले आम्ही फक्त उपडीकन, पुस्तकं वाचकांकडे. वाचकांची घरं दाखवा. माहीत नाहीत, आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा. मग दुसऱ्या दोघांनी घरं दाखवली आणि घरोघर झडती झाली, एकाकडे ४ पुस्तकं, एकाकडे ५, एकाकडे ८, व्हिक्टर नावाच्या व्याकरणाच्या मास्तरकडे २ पुस्तकं आणि काही सुटी पानं. एक वाचक घरी नव्हता, त्याच्या बायकोने ६ पुस्तकं आणून दिली, तरी अधिकाऱ्याने सरकारी गुलामाला आत पाठवून घर धुंडाळलंच, काही मिळालं नाही.

हा कागद आपल्यापर्यंत आला तोही मजेशीर कारणाने. १७ वर्षांनी, ३२० मध्ये, या लोकांचं आपसात भांडण कोर्टात गेलं की झडतीच्या दिवशी कोणी काय काय देऊन टाकलं, आणि तेव्हा जुना पंचनामा पुरावा म्हणून वाचला गेला. ग्रंथ पोलिसांच्या हवाली करणारा बिशप होऊ शकतो का, अशा माणसाने दिलेली दीक्षा चालते का, यावरून उत्तर आफ्रिकेतलं चर्च दुभंगलं आणि ती फूट शंभर वर्षांनीही मिटलेली नव्हती. म्हणजे पुस्तकाची किंमत त्यांच्या लेखी केवढी होती ते दिसतंच, ते मी नाकारत नाहीये.

पण त्या लिस्टकडे परत बघा. एवढे कपडे आणि पायताणं प्रार्थनेच्या घरात कशाला? बहुतेक गरिबांना वाटायला, आणि बायकांचे कपडे पुरुषांच्या पाचपट आहेत म्हणजे घेणाऱ्यांत विधवा-परित्यक्ता किती असतील याचा अंदाज येतो. हा समाज समजून घ्यायचा असेल तर जप्त केलेलं पुस्तक उघडून ओळी शोधायच्या की ४७ जोड पायताणं मोजायची? मी म्हणेन दोन्ही करा, पण आधी पायताणं मोजा, कारण नागड्याला वस्त्र द्या हे वाक्य जुन्या-नव्या करारात आहे म्हणून कपडे आले असं म्हणणं सोपं आहे, पण वाक्य तर नंतरही तसंच राहिलं, कपडे प्रत्येक ठिकाणी राहिले असं नाही.

गंमत म्हणजे डायोक्लेशनच्या सरकारचीही समजूत आपल्या वादविवादवाल्यांसारखीच होती. ग्रंथ हीच यांची ताकद, तो जाळला की संपले. जमलं नाही. युसेबियस नावाचा इतिहासकार, जो स्वतः त्या छळाच्या काळात जगला, तो इजिप्तच्या योहान नावाच्या एका आंधळ्या माणसाबद्दल लिहितो. हा योहान मंडळीसमोर उभा राहून शास्त्र म्हणत होता, युसेबियसला गर्दीतून आधी नुसता आवाज आला आणि त्याला वाटलं की नेहमीसारखं कोणी पुस्तकातून वाचतंय, जवळ जाऊन बघतो तर हा माणूस, डोळे नाहीत, पुस्तक नाही, सगळं तोंडपाठ. नंतर त्याला मारलं. असल्या माणसाच्या घरी झडती घेऊन काय जप्त करणार होते?

इथे कोणी म्हणेल की हे तर उलट तुमच्याच विरुद्ध गेलं, ग्रंथ इतका भिनला होता की पुस्तक नसलं तरी चालत होतं. बरोबर, भिनला होता. माझा मुद्दा असा की काय भिनलं हे ओळीवरून ठरत नाही. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अँटनीचं. इजिप्तमधला विशीच्या आतबाहेरचा पोरगा, आईबाप नुकतेच गेलेले, घरची सुमारे २०० एकर सुपीक जमीन, एक लहान बहीण. साधारण २७० च्या सुमारास हा चर्चमध्ये शिरला तेव्हा मत्तयाचं शुभवर्तमान वाचणं चालू होतं, 'पूर्ण व्हायचं असेल तर जा, आहे ते विकून गरिबांना दे.' हा बाहेर पडला आणि जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, बाकीचं विकून वाटलं, बहिणीपुरतं थोडं ठेवलं, मग पुढे एकदा 'उद्याची काळजी करू नका' ऐकलं तेव्हा तेही दिलं आणि बहिणीला कुमारिकांच्या घरात नेऊन सोडलं (तिला कोणी विचारलं होतं का, हे लिहिणाऱ्याला महत्त्वाचं वाटलेलं नाही). मग वाळवंटात गेला आणि त्याच्यामागे हजारो गेले, ख्रिस्ती संन्यासाची परंपरा म्हणून जी आपण ओळखतो तिच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

आता त्या दिवशी चर्चमध्ये अँटनी एकटाच होता का? बाकीच्यांनीही तेच वाक्य ऐकलं आणि घरी जाऊन जेवले. आणि त्याच इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात, सत्तर-एक वर्षं आधी क्लेमेंट नावाच्या विद्वानाने नेमक्या याच प्रसंगावर एक अख्खं प्रवचन लिहिलं होतं की बाबांनो, इथे संपत्ती टाका असं म्हटलेलं नाहीये, संपत्तीचा मोह मनातून टाका असा अर्थ आहे, पैसा राहू द्या, चांगल्या कामाला वापरा. वाक्य एकच, एक जण सातबारा देऊन मोकळा झाला आणि दुसऱ्याने सातबारा राखायला शास्त्राधार दिला. मग 'यांच्या ग्रंथात लिहिलंय' याचा अर्थ नेमका काय लावायचा?

सामान्य माणसं तर ग्रंथाचं आणखीच काहीतरी करत होती. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस तिसऱ्या शतकात सांगतो की लोक आवडीने मुलांची नावं पौल आणि पेत्र ठेवतात. रोमच्या भूमिगत दफनभूमींत भिंतींवर जुन्या करारातल्या गोष्टीतला योना वारंवार दिसतो, माशाच्या पोटात जाताना, बाहेर पडताना, वेलाखाली आडवा झालेला, आणि क्रूसावरचा येशू सुरुवातीच्या काळात जवळपास नाहीच. प्रवचनकारांनी क्रूसावर कितीही जोर दिला तरी मेलेल्या माणसाच्या घरच्यांना माशाच्या पोटातून सुटका झालेला माणूस जवळचा वाटला, यात नवल नाही. चौथ्या शतकातला प्रवचनकार जॉन क्रिसोस्टम याच्या बोलण्यात बायका आणि मुलं शुभवर्तमान गळ्यात बांधतात, रक्षण व्हावं म्हणून, असा उल्लेख येतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन तर म्हणतो की डोकं दुखलं की लोक योहानाचं शुभवर्तमान उशाला ठेवतात, आणि त्याला त्याचा आनंद होतो, का तर निदान ताईत तरी बांधत नाहीत. हिप्पोच्या बिशपची अपेक्षा कुठवर खाली आली होती बघा!

आणि हेच न वाचणारे ऐकणारे वेळ आली की बिशपलाही धारेवर धरायचे. जेरोम नावाच्या विद्वानाने जुन्या कराराचं हिब्रूवरून नवं लॅटिन भाषांतर केलं, ते आजच्या लिबियातल्या ट्रिपोलीत, तेव्हाच्या ओएयात, बिशपने वाचायला घेतलं, तर योनाच्या डोक्यावर सावली धरणारा जो वेल सगळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्याचा म्हणून ऐकला होता तो एकदम वेगळाच निघाला. असा गोंधळ झाला की शेवटी बिशपला मंडळी हातची जाऊ नये म्हणून माघार घ्यावी लागली. ऑगस्टीनने ४०३ मध्ये जेरोमला हे पत्राने कळवलं, जरा टोचूनच.

बायकांच्या बाबतीत तर चक्क एक अख्खं पुस्तक उभं राहिलं. 'बाईने शिकवू नये' हे वाक्य नव्या करारात आहे, लोक ते आजही फेकतात. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमध्ये (आजचं तुर्कस्तान) थेक्लाची गोष्ट लिहिली गेली, पौलाचं बोलणं ऐकून ठरलेलं लग्न मोडणारी, स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देणारी, उपदेश करणारी मुलगी. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक टर्टुलियन चिडून लिहितो की काही जण या पुस्तकाच्या जोरावर बायकांना शिकवायचा आणि बाप्तिस्मा द्यायचा हक्क आहे म्हणतात, आणि ते लिहिणाऱ्या वडीलजनाला पदावरून काढलंय हे त्यांना माहीत असू दे. काढलं, पण पुस्तक काही थांबलं नाही. ३८४ मध्ये एजेरिया नावाची यात्रेकरू बाई थेट पश्चिमेकडून आलेली, आशिया मायनरमधल्या सेल्युशियाला थेक्लाच्या ठाण्यावर पोचली आणि तिथे बसून तिने थेक्लाची अख्खी कथा वाचली. अधिकृत यादीत नसलेलं पुस्तक, आणि त्याने किती बायकांना धीर दिला असेल!

आपल्याकडचाही एक धागा आहे म्हणून सांगतो. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा व्यापारी लिहितो की कल्याण बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियातून दीक्षा घेऊन येतो, हे कल्याण म्हणजे आपलं ठाण्याजवळचंच असं बहुतेक जण मानतात. आणि खूप नंतर, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सने बायबलची कथा ओवीत बसवून क्रिस्तपुराण छापलं ते का, तर नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती आणि ते तसंच काहीतरी मागत होते. इथेही ऐकणाऱ्यांनीच ग्रंथाचं रूप ठरवलं.

शेवटी गुलामगिरी, कारण ओळ दाखवणाऱ्यांचा हुकमी एक्का तो असतो. 'दासांनो, आपल्या धन्याच्या आज्ञा पाळा' हे नव्या करारात स्पष्ट आहे, त्यात मखलाशी करायला जागा नाही. चौथ्या शतकाच्या मध्याला आशिया मायनरमधल्या गंग्रा इथे बिशपांची सभा भरली आणि तिने ठराव केला की धर्माचं नाव पुढे करून जो कोणी गुलामाला मालकाचा अनादर करायला आणि चाकरी सोडायला शिकवेल तो बहिष्कृत. ठराव करावा लागला म्हणजे कोणीतरी तसं शिकवत होतं हे उघड आहे, आणि तेही बहुधा याच ग्रंथाचा आधार घेऊन.

साधारण ३८० च्या सुमारास, त्याच आशिया मायनरमध्ये, निस्साचा बिशप ग्रेगरी जुन्या करारातल्या 'उपदेशक' या पुस्तकावर प्रवचनं देत होता. त्यात एक वाक्य येतं, 'मी दास-दासी विकत घेतल्या.' हजार जणांनी ते न अडखळता वाचलं असेल. ग्रेगरी तिथेच थांबला आणि विचारायला लागला की माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय असं उत्पत्तीच्या पुस्तकात लिहिलंय ना, मग त्या प्रतिमेची किंमत किती नाणी ठरवलीस, देव स्वतः ज्याला गुलाम करत नाही त्याला तू कसा करतोस. प्राचीन जगातून आपल्यापर्यंत आलेल्या लिखाणात गुलामगिरीवर इतका थेट हल्ला दुसरा सापडणं मुश्कील आहे. त्या प्रवचनाने साम्राज्यातले गुलाम काही सुटले नाहीत, चर्चकडेही गुलाम राहिलेच, हेही सांगायला हवं.

पण ग्रेगरीला हे दिसलं कसं? ग्रंथ तर सगळ्यांकडे तोच होता, गंग्राच्या बिशपांकडेही. मला उत्तर त्याच्या घरात दिसतं. त्याची थोरली बहीण मॅक्रिना, पोंटसमधल्या घरच्या इस्टेटीवर राहणारी, हिने आईला पटवून घरातल्या दासींना बरोबरीच्या केलं होतं, एकच पंगत, एकसारखं अन्न, एकसारखं अंथरूण. हे ग्रेगरीनेच तिच्या चरित्रात लिहून ठेवलंय. हे सगळं त्या प्रवचनाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेलं. ज्या घरात दासी आणि मालकीण एका पंगतीला बसतात त्या घरातल्या माणसाला 'मी दासी विकत घेतल्या' हे वाक्य खटकणारच, आणि ज्याच्या घरी दासी जेवण वाढून मागे उभी राहते तो ते वाचून पुढच्या ओळीवर जाणार. मला कोणी ओळ दाखवली की म्हणूनच मी आधी विचारतो, ठीक आहे, पण तुमच्याकडे पंगतीला कोण कोण बसतं?